घसारा वजा जाता

बी.कॉम.ला असताना 'घसारा' हा विषय मी दोनदा शिकलो. दोनदा, कारण पहिल्या खेपेला नापास झालो. यंत्र घेतलं की दरवर्षी त्याच्या किमतीतून ठरावीक रक्कम वजा करायची. त्यासाठी यंत्राकडे ढुंकूनही बघावं लागत नाही. कागद, पेन आणि अर्धा कप चहा एवढ्यावर भागतं. पुढे बँकेत चिकटलो आणि वीस वर्षं याच समजुतीवर काढली. मग एके दिवशी खरा घसारा भेटला. तो खातेवहीत नव्हता, माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकात होता.

घर नांदेडला, शाखा अर्धापूरला. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. एकदा ब्रेक दाबला की 'चिर्रर्र' असा बारीक आवाज यायला लागला. मी काच वर केली. आवाज बंद! पंधरा दिवसांनी त्याची खरखर झाली. मी रेडिओ मोठा केला. साडूंना विचारलं, तर ते म्हणाले, "थांबायली ना गाडी? मग कशाला टेन्शन घ्यायलाव?"

गाडी थांबायली होती, हे खरं. फक्त मी ठरवलेल्या जागी थांबत नव्हती.

अर्धापुरात केळीची गाडी भरत होती. तिच्या आडून एक शाळकरी मुलगी सायकलवर अचानक पुढे आली. मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. गाडी थांबली तेव्हा बंपर आणि सायकलचं मागचं चाक यांत एक वीत अंतर होतं. पोरगी घाबरली नाही, मीच घाबरलो. जाताना म्हणाली, "काका, बगून चालवा की!"

मिस्त्रीचाचांनी चाक काढलं, आतून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "साब, ये पॅड नै, पापड है!" नव्या पॅडवर दहा-बारा मिलिमीटर घासणारा थर असतो. माझा थर संपून मागची लोखंडी पट्टी थेट तबकडीवर घासत होती. तबकडीला नांगरटीसारख्या रेघा पडल्या होत्या, म्हणजे पॅडच्या बिलाला तबकडीचं बिल जोडून आलं. आणि ती 'चिर्रर्र'? पुष्कळशा पॅडना मुद्दाम एक पत्री लावलेली असते. थर संपत आला की ती तबकडीला टेकून ओरडते. म्हणजे मला रीतसर नोटीस आली होती आणि मी ती काच वर करून परत पाठवली होती!

तेव्हापासून 'ब्रेक फेल झाला' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. पोरगं नापास होतं ते काय निकालाच्या दिवशी? चाचणीचे गुण वर्षभर घरी येत असतात, आपण बघत नाही. पुण्यात नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका मोठ्या मालवाहू गाडीने उतारावर ४८च्या आसपास वाहनांचं नुकसान केलं. सुरुवातीला सगळीकडे हेच, 'ब्रेक फेल'. पोलिसांच्या प्राथमिक तपासात मात्र चालकाने उतारावर इंजिनच बंद केल्याचं पुढे आलं. ब्रेक बिचारा बोलत नाही, म्हणून प्रत्येक गुन्हा त्याच्या नावावर खर्ची पडतो.

यावर लोकांची उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं, "सर्व्हिसिंगला बघतात की!" माझ्याही सर्व्हिसिंगच्या कागदावर 'ब्रेक' या शब्दापुढे सुबक टिकली होती. वीस वर्षं कागदावर टिकल्या मारणाऱ्या माणसाला टिकलीची किंमत तुम्ही सांगू नका.

दुसरं, "आपल्याकडं घाट कुठंय?" घाट नाही, पण म्हशी आहेत, ट्रॅक्टर आहेत, न रंगवलेले गतिरोधक आहेत आणि सायकलवरच्या मुली आहेत.

तिसरं, "आपल्याला त्यातलं काय कळतं?" नोटा मोजता येतात ना? मग कळतं. गाडी सपाट जागी उभी करा, चाक गार होऊ द्या आणि चाकाच्या फटीतून बॅटरी मारा. तबकडीला टेकलेला थर दिसेल. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली तर साधारण तीन मिलिमीटर होतात. थर तेवढाच उरला असेल, तर उद्याच मिस्त्रीकडे जा. बाहेरचा पॅड चांगला दिसला म्हणून खूश होऊ नका. थकबाकी बरेचदा आतल्या पॅडवर असते, तो चाक काढूनच दाखवायला सांगा. मागच्या चाकांना ड्रम असेल, तर तोही उघडूनच बघावा लागतो. ब्रेक ऑइलची पातळी उतरली असेल, तर पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे. कारण न शोधता वरून ऑइल ओतणं म्हणजे जुनं कर्ज नव्या कर्जानं फेडणं. त्याचा शेवट कसा होतो, हे आमच्या वसुली विभागाला विचारा.

सरकारचं काय सांगावं? खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. तेवढ्या काळात धुराचं प्रमाणपत्र लागतं, विमा लागतो. म्हणजे गाडी धूर किती सोडते याचा हिशेब ठेवला जातो. ती थांबते की नाही, हे मात्र १५ वर्षं कुणी नेमानं विचारत नाही.

आणि आपण? खंडेनवमीला गाडी धुतो, झेंडूची माळ घालतो, बॉनेटवर स्वस्तिक काढतो, वाकून चाकाखाली लिंबू ठेवतो. त्या लिंबापासून पॅड फार तर दीड वीत वर असतो. एवढे वाकलेलोच असतो, तर जरा मान तिरकी करायला काय जातं? पूजा जरूर करा. पण लिंबाच्या सालीपेक्षा पॅड जाड आहे, एवढं तरी बघा.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बॅटरी घेऊन चाकापाशी उकिडवा बसतो. गल्लीतले लोक थांबून विचारतात, "काय हरवलं, साहेब?"

मी सांगतो, "अजून तरी काही नाही."