हळदीची साक्ष

म्हसवड हे माणगंगेच्या काठचे गाव. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील हा मुलूख कमी पावसाचा आणि खडकाळ. तेथे खेळता खेळता मूल पडले की गुडघा फुटल्यावाचून राहत नाही. रडत घरी आलेल्या मुलाला आजी जवळ घेते, जखम पाण्याने धुते आणि तिच्यावर चिमूटभर हळद दाबते. मोठ्या जखमेला दवाखाना गाठावा लागतो, हे तिलाही ठाऊक असते. परंतु लहानसहान खरचटण्यावर हळदीचा डबा हाच तिचा दवाखाना. ही हळद बहुधा सांगलीच्या पेठेतून आलेली असते. जखमेवर हळद लावावी, हे आजीला तिच्या आईने शिकविले आणि तिच्या आईला तिच्या आईने. हे ज्ञान कोणाच्या मालकीचे, असा प्रश्न तिच्या मनात कधी येत नाही. ऊन आणि वारा जसे सर्वांचे, तशी ही विद्याही सर्वांची, असेच ती समजते.

तथापि, हा प्रश्न एकदा खरोखरच उभा राहिला, आणि तोही साता समुद्रांपलीकडे. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याबद्दल पेटंट देण्यात आले. ज्यांच्या संशोधनावर ते मिळाले, ते दोन्ही संशोधक मूळचे भारतीयच होते. म्हसवडच्या आजीला हे कळते, तर ती हसली असती. परंतु नुसत्या हसण्याने असा प्रश्न सुटत नाही. तो कसा सुटला हे समजण्यासाठी पेटंट म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे.

पेटंट हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थ ‘उघडे असणे’ असा आहे. पेटंट म्हणजे कुलूप, असे पुष्कळांना वाटते. पण त्या शब्दाच्या पोटात गुपित नव्हे, तर उघडेपणा आहे. पेटंट हा संशोधक आणि समाज यांच्यातील एक करार होय. संशोधकाने आपली युक्ती कशी चालते, हे लपवून न ठेवता स्पष्ट लिहून द्यावयाचे. त्याच्या मोबदल्यात सरकार त्याला ठरावीक मुदतीपर्यंत असा हक्क देते, की त्याच्या संमतीवाचून दुसऱ्या कोणी ती वस्तू बनवू नये अथवा विकू नये. मराठीत या हक्काला ‘एकस्व’ असे नाव आहे. भारतात १९७० सालचा पेटंट कायदा लागू असून आज या हक्काची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. मुदत संपली की ती युक्ती सर्वांची होते.

हा हक्क कोणत्याही कल्पनेला मिळत नाही. शोध नवा असावा लागतो. आणि नवा म्हणजे आपल्या गावापुरता नवा नव्हे, तर जगात नवा. त्या विषयातील जाणत्या माणसालाही तो सहज सुचण्यासारखा नसावा, आणि तो प्रत्यक्ष उपयोगात आणता यावा. निसर्गाचा नियम कोणाच्या मालकीचा होऊ शकत नाही. शेतीच्या पद्धतीलाही भारतीय कायदा पेटंट देत नाही. पेटंट ज्या देशात मिळाले, त्या देशापुरतेच चालते. म्हणून अमेरिकेतील त्या पेटंटामुळे म्हसवडच्या आजीचा हात कोणी धरणार नव्हता. परंतु ज्या उपायाचा शोध शेकडो वर्षांपूर्वीच आपल्या पूर्वजांना लागला होता, तो अमेरिकेत दुसऱ्याच्या नावावर लागला होता. तेथे त्या उपयोगासाठी हळद विकू पाहणाऱ्या भारतीय व्यापाऱ्याचा मार्गही त्यामुळे अडू शकला असता.

तेव्हा भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने या पेटंटाला आव्हान दिले. परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले आणि मुंबईत गरिबीशी झगडत शिकलेले हे शास्त्रज्ञ होते. हळद जखमेवर लावतात, ही गोष्ट भारतात कोणाला ठाऊक नाही? पण अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्याप्रमाणे, परदेशात लोक एखादी गोष्ट नित्य करीत आले आहेत, एवढे सांगून भागत नव्हते. ती कोठे तरी लिहून प्रसिद्ध झालेली असावी लागे. कोट्यवधी आज्यांची तोंडी साक्ष तेथे उपयोगाची नव्हती. हवी होती कागदाची साक्ष.

मग शोध सुरू झाला तो जुन्या ग्रंथांचा. संस्कृत, हिंदी, उर्दू अशा भाषांतील ३२ लेखी पुरावे गोळा करण्यात आले. त्यांपैकी काही शंभर वर्षांहून जुने होते. १९५३ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला निबंधही त्यांत होता. हे सारे अमेरिकेच्या पेटंट कार्यालयापुढे ठेवण्यात आले, आणि १९९७ साली त्या कार्यालयाने हळदीवरील दावे फेटाळून लावले. हळद जिंकली, ती गर्जनांनी नव्हे. कोणा अज्ञात लेखकांनी शाईने उमटविलेल्या चार ओळींनी. ते लेखक आज हयात नाहीत. आपल्या लिहिण्याचा असा उपयोग होईल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

या प्रकरणापासून देशाने धडा घेतला. पिढ्यान्‌पिढ्यांचे औषधी ज्ञान जुन्या ग्रंथांतून वेचून निरनिराळ्या देशांच्या पेटंट कार्यालयांना समजेल अशा भाषांत नोंदवून ठेवण्याचे कार्य २००१ साली सुरू झाले. पुढे २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. हा हक्क एका माणसाचा नसतो. त्या प्रदेशातील उत्पादकांचा तो सामाईक मान असतो.

येथवरची कथा जुन्या ज्ञानाची झाली. नव्या शोधाचे काय? मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) हे या बाबतीत आठवण्याजोगे मराठी नाव आहे. छपाईचे खिळे ओतण्याच्या यंत्रात त्यांनी मोठी सुधारणा केली. आपली बुद्धी घेऊन ते इंग्लंडला आणि पुढे अमेरिकेला गेले, आणि तेथे त्यांनी आपल्या शोधांची पेटंटे घेतली. दादाभाई नौरोजी यांनी त्यांना साहाय्य केले आणि सर रतन टाटा यांनी आर्थिक पाठबळ दिले. परक्या देशात, मोठमोठ्या कारखानदारांच्या मेळ्यात, एकाकी संशोधकाजवळ आपल्या शोधावर हक्क सांगण्यासाठी पेटंटावाचून दुसरे साधन कोणते असणार?

यावर कोणी म्हणेल, की ज्ञान विकणे हे हीनपणाचे आहे. हा आक्षेप तुच्छतेने टाकून देण्यासारखा नाही. आचार्य जगदीशचंद्र बसू यांना आपल्या शोधांतून धन मिळवावे, असे वाटत नसे. बिनतारी लहरी ओळखणाऱ्या त्यांच्या साधनाला १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळाले, तेही स्नेह्यांच्या आग्रहामुळे. त्याचा आर्थिक लाभ घेण्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. अशा निरिच्छ वृत्तीपुढे मस्तक नम्र होते. परंतु दान देणे निराळे आणि लुबाडले जाणे निराळे. दान देणाराच्या नावावर ती वस्तू आधी असावी लागते. बसूंनी आपले शोध निबंधांतून जगापुढे मांडले होते. म्हणूनच ते त्यांचे शोध होते, हे आज जग जाणते.

आता पुन्हा म्हसवडला यावे. या भागात मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी विणण्याचा व्यवसाय जुना आहे. जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून विणकर मागावर बसतो. लोकरीच्या सुताला चिंचोक्याची खळ देतो. समजा, एखाद्या विणकराच्या मुलीने पाहिले, की दिवसभर वाकून वडिलांची पाठ धरते, आणि तिने मागाला जोडण्याचे एक साधे नवे साधन तयार केले. तिने काय करावे? प्रथम, तारीख घालून त्याची आकृती आणि कृती वहीत लिहावी. असे साधन जगात कोठे आधीच आहे काय, हे शिक्षकांच्या मदतीने पाहावे. साधन खरोखर नवे असेल, तर ते जत्रेत किंवा प्रदर्शनात मांडण्यापूर्वी पेटंट कार्यालयाकडे अर्ज करावा. कारण आधीच जाहीर झालेली गोष्ट सामान्यतः नवी मानली जात नाही. हे कार्यालय मुंबईतही आहे. अर्ज झाल्यावर ते साधन आपल्याजवळ ठेवावे, विकावे की सर्वांना देऊन टाकावे, हे तिचे तिने ठरवावे.

आणि चिंचोक्याच्या खळीचे काय? तिचे पेटंट कोणाला मिळू नये, कारण ती सर्वांची आहे. परंतु ती खळ कशी शिजवतात, किती दाट ठेवतात, सुताला कशी लावतात, हेही त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर लिहून ठेवावे. पूर्वी सांगलीजवळ हरिपूर येथे जमिनीतील पेवांत हळद साठवीत असत, आणि ती तेथे दीर्घकाळ टिके. मनाच्या पेवातील विद्या मात्र तशी टिकत नाही. जाणता माणूस गेला की तीही त्याच्याबरोबर जाते. अनेक घराण्यांतील औषधे आणि अनेक कारागिरांच्या युक्त्या अशाच नाहीशा झाल्या. त्यांची साक्ष द्यायला आज कोणी उरले नाही.

तात्पर्य, नवे सुचले तर ते लिहावे, म्हणजे ते हिरावले जाणार नाही. आणि जुने ठाऊक असेल तर तेही लिहावे, म्हणजे दुसरा कोणी त्याला नवे म्हणू शकणार नाही. आजीने आज गुडघ्यावर हळद लावली, तर संध्याकाळी तिच्याजवळ बसून तिला आणखी काय काय ठाऊक आहे, हे विचारावे, आणि वही उघडून ते तिच्या शब्दांत उतरवून घ्यावे.