भुताने आपल्या झाडावर राहावे

फराळाचे डबे भरून झाले की मराठी घरात दिवाळी अंक उघडले जातात, आणि त्यांत एखादी भुताची गोष्ट निघाली की वडीलधाऱ्यांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पोरांच्या हाती असले काही देऊ नका. विज्ञानाचे युग आहे, मने दुबळी होतील. दुसरा तट म्हणतो, भुते आहेतच, आमच्या मामांनी स्वतः पाहिली आहेत. माझे भांडण या दोन्ही तटांशी आहे. भूत नाही, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हातून भूत काढून घेणे हा मला निव्वळ अडाणीपणा वाटतो, आणि तो शिकल्यासवरल्या माणसांनी करावा याचा विशेष राग येतो. दुसऱ्या तटाशी असलेले भांडण याहून मोठे आहे. ते पुढे येईलच.

मुलाला भूत खरेखुरे भेटते ते आजीच्या कुशीत नव्हे, परक्या गावात. बदलीच्या नोकरीपायी ज्यांचे बालपण गावोगाव फिरले, त्यांना हे वेगळे सांगायला नको. १९६३ साली वडिलांची बदली पुण्याहून कुडाळला झाली, तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. सिंधुदुर्ग जिल्हा जन्माला यायला अजून अठरा वर्षे होती; कुडाळ तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. पेठेत वाढलेल्या मला तिथली बोली निम्मी कळत नव्हती, आणि तिथला पाऊस व तिथला अंधार तर अजिबातच कळत नव्हता. शाळेतल्या मुलांनी मला आठ दिवसांत गाव दाखवले. दाखवले म्हणजे पोस्ट कुठे आणि दवाखाना कुठे हे नव्हे. ते वडिलांच्या शिपायाने दाखवले होते. मुलांनी दाखवला तो गाव असा: भंगसाळ नदीच्या अमुक वळणावरच्या डोहात गिऱ्हा, शाळेच्या वाटेवरच्या पिंपळावर मुंजा, वरच्या सड्यावर दिवस कलल्यानंतर चकवा, आणि शिवेवर देवचार. देवचाराला घाबरायचे नाही, तो राखणदार. फक्त त्याच्या वाटेत झोपायचे नाही.

शेजारच्या आजींनी यावर शिक्कामोर्तब केले. ‘‘झिला,’’ त्या म्हणाल्या, ‘‘त्या कोंडीत पाय घालू नको हां. थंय गिरो आसा. वळखीच्या माणसाचो आवाज काढता आणि नावान हाक मारता.’’ मी विचारले, हाक ऐकू आली तर? ‘‘ओ देऊचीच नाय.’’ चकव्यावर तोडगा मुलांनी सांगितला: चकवो लागलो तर थंयच बसान ऱ्हवाचा, उजवाडीपर्यंत हलाचा नाय.

आता हा तोडगा जरा नीट पाहा. कोकणातला सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. त्यावर ना झाड, ना खूण. सगळीकडे सारखेच काळे कातळ. कडेला सरळ तुटलेली दरड, आणि मध्येच चिरे काढून सोडून दिलेल्या खाणी. पावसात त्या काठोकाठ भरतात, वर शेवाळ धरते, आणि अंधारात पाणी कुठले नि कातळ कुठला हे जन्मभर तिथे राहिलेल्यालाही कळत नाही. अशा जागी वाट चुकलेल्या मुलाने करायची शहाणपणाची गोष्ट एकच, ती म्हणजे खाली बसणे. ही गोष्ट मला कोणत्या मास्तरांनी शिकवली? चकव्याने शिकवली. वरून शांत दिसणाऱ्या नदीत कोणत्या वळणावर तळ एकाएकी नाहीसा होतो, हेही परक्या गावच्या मुलाला गिऱ्ह्याखेरीज कोणी सांगणार नव्हते. कारण गावच्या माणसांना ते इतके ठाऊक असते की सांगण्याची गोष्ट आहे हेच त्यांच्या ध्यानात येत नाही.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. परके गाव, परके पाणी. गिऱ्हा असता तर ती मुले वाचली असती, असे म्हणण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. किनाऱ्यावर जीवरक्षक हवेत, दोर हवेत, होड्या हव्यात. पण अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर ‘पाण्यात जाऊ नये’ असा फलक लावून जी मंडळी हात झटकतात, त्यांना सांगावेसे वाटते की फलक सर्वांना उद्देशून असतो, म्हणून तो कोणीच वाचत नाही. गिऱ्हा मला माझ्या नावाने हाक मारणार होता.

दक्षिण कोकणाने भुतांचा हा व्यवहार फार मुत्सद्दीपणाने सांभाळला आहे. भुतांचा राजा वेताळ. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला तो वेतोबा होऊन गावाचा धनी बनला आहे. नवस फेडायला त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. तो रात्री गावाची शीव फिरतो आणि त्या फेरीत चपला झिजतात, अशी तिथली श्रद्धा आहे. भूत बाळगायचेच तर त्याला रखवालीला जुंपावे, हा हिशेब मला तरी बिनतोड वाटतो. पगार म्हणून वहाणांचा जोड, आणि तोही नवसाचा!

इथपर्यंत वाचून दुसऱ्या तटाचे वाचक खूश झाले असतील. त्यांनी घाई करू नये.

नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन, ज्याला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी नाटकगृहात गोळ्या घातल्या, तो लोकसमजुतींचा दांडगा संग्राहक होता. मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडून त्याने प्रश्नांची उत्तरे लिहून मागवली होती. त्याच्या मागे हे कागद आर. ई. एंथोवेन याने छापले. कोकणचा भाग १९१५ साली निघाला. कोकणातल्या मास्तरांनी आपापल्या गावची भुते त्यात इमानाने नोंदवली आहेत. गावोगाव नावांत फरक पडतो, पण एकंदर वर्गवारी अशी: मुंज झालेला आणि सोडमुंजीआधी गेलेला ब्राह्मणाचा मुलगा तो मुंजा. शूद्राचा देवचार. मुसलमानाचा खवीस. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट, बाळंतपणात गेली तर हडळ. मेल्यावर तरी माणसाची जात सुटेल म्हणावे, तर पिंपळावरही पंगती वेगळ्या! आणि बाईला तर मेल्यावरही नवरा होता की नव्हता यावरूनच नाव मिळायचे. हडळीचे पाय उलटे असतात असे सांगतात. माझ्या मते तिची मूळ कथा साधी आहे: गावात डॉक्टर नव्हता, रस्ता नव्हता, सुईणीचे हात धुतलेले नव्हते, आणि एक पोर वीस वर्षांची होऊन मेली. मग तिचे भय वाटू लागले. ज्यांनी तिला मरू दिले त्यांना ते वाटायलाच हवे होते.

म्हणजे भुतांची यादी ही एका परीने गावाच्या कर्जाची वही आहे. कोण अकाली गेले, कोणाचे देणे राहिले, ते तिच्यात लिहिलेले असते. ती वही झाडावर, डोहात, शिवेवर टांगलेली असते तोवर तिच्यात वाईट काही नाही. वाईट सुरू होते ते भूत झाडावरून उतरवून माणसात घातले जाते तेव्हा.

कुडाळच्या दुसऱ्या पावसाळ्यात आमच्या दोन घरे पलीकडे एका सुनेला बाधा झाली. तिचे पहिले मूल जन्मतःच गेले होते. तेव्हापासून ती बोलेनाशी झाली होती. रात्री उठून बसे, भात चुलीवर करपला तरी तिला कळत नसे. आज कोणताही शिकाऊ डॉक्टर या आजाराचे नाव सांगेल. बाळंतपणानंतरचे हे नैराश्य औषधाने आणि माणसांच्या मायेने हटते. तिच्या वाट्याला घाडी आला. मिरच्यांची धुरी दिली, केस धरून खाली वाकवले, आणि प्रत्येक फटक्याला एकच प्रश्न: ‘‘सांग, खंयचो तू?’’ खळ्यात माणसे दाटीने उभी होती, त्यांत आम्ही मुलेही होतो. कितव्या तरी फटक्याला ती म्हणाली, ‘‘पिंपळावरचो.’’ लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

मला तो मुंजा ठाऊक होता. वर्षभर मी रोज दोनदा त्याच्याखालून गेलो होतो, त्याला मनातल्या मनात गणिताच्या परीक्षेबद्दल विचारले होते. त्याने कधी साधा खडा मारला नव्हता. चार फांद्यांवर मुकाट्याने राहणाऱ्या त्या पोरावर हा आळ होता, आणि तो घेणारी माणसे त्याला माझ्यापेक्षा जास्त वर्षे ओळखत होती. ती सून दिवाळीला माहेरी गेली ती परत आली नाही. गावाने म्हटले, भूत उतरले.

भुतावर विश्वास असणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. भूत सुनेच्या अंगात येते, विधवेच्या येते, पोरक्या मुलीच्या येते, कर्ज थकलेल्या कुळाच्या येते. सावकाराच्या अंगात का येत नाही? मामलेदाराच्या? निदान सासऱ्याच्या? गावाची शीव ओलांडायची ज्याला ताकद आहे, त्याला ओटी ओलांडून माजघरातून उलटा ओटीवर यायला कोणी अडवले? ज्याला उलट मारता येते त्याच्या अंगात भूत जात नाही, एवढी अक्कल या भुताला कोणी शिकवली, ते मला हवे आहे.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले, तो त्यांच्या मृत्यूनंतर चार दिवसांत वटहुकूम म्हणून आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळात संमत झाला. पहिल्या तटाच्या पालकांनी तो एकदा वाचावा. भूत उतरवण्याच्या निमित्ताने मारणे, बांधून ठेवणे, मिरच्यांची धुरी देणे हा त्यात गुन्हा आहे. साप-विंचू-कुत्रा चावलेल्या माणसाला औषधापासून अडवून मंत्र घालणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. भुताची गोष्ट सांगणे हा गुन्हा नाही. माणसाच्या देहाशी रेघ ओढून कायदा थांबला आहे. ती रेघ ओलांडून गोष्टीच्या पुस्तकावर चालून जाण्याचा अधिकार आपल्या या पालकांना कोणी दिला? घाडी गावातून हटतो तो गोष्टी बंद केल्याने हटत नाही. महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचू चावलेल्या रोग्यांच्या उशाशी बसून राहिले, १९८२ साली त्यांनी त्या दंशाची लक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये मांडली, आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध लाल विंचवाच्या विषावर चालते हे दाखवून दिले. मंत्राने उतरत नव्हते ते गोळीने उतरू लागले, मग विंचवाचा मांत्रिक आपोआप ओस पडला. सुनेच्या बाधेसाठी तालुक्याच्या दवाखान्यात मानसोपचाराचा डॉक्टर मागा. त्यासाठी मोर्चा काढलात तर मी झेंडा धरायला येईन.

भुतांच्या नव्या व्यापाऱ्यांविषयी थोडक्यातच सांगतो. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ घरोघर पोचले, २०२४ साली मुंज्याने हिंदी पडद्यावर गल्ला जमवला. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथांवर वाढलेल्या आमच्या पिढीने यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. भीती हा चांगला करमणुकीचा माल आहे. मला खंत आहे ती वेगळी. शहरातला आजचा तेरा वर्षांचा मुलगा रक्त पिणाऱ्या ड्रॅक्युलाची सात पिढ्यांची माहिती सांगतो, पण त्याच्या घराखालच्या नाल्यात पावसाळ्यात पाणी किती चढते हे त्याला माहीत नसते. त्याच्या भुतांना पत्ता नाही. बदली होऊन तो नव्या वसाहतीत राहायला येतो तेव्हा त्याला पहारेकरी भेटतो, उद्वाहन भेटते, गाव भेटत नाही. मुंबई-गोवा महामार्ग रुंद करताना कोकणातली जुनी झाडे ओळीने पडली. त्यांच्यावर कोण राहत होते, याची चौकशी कोणी केली नाही. बेघर झालेली भुते जातील कुठे? मला भीती आहे ती हीच. झाड गेले की उरते सून.

तेव्हा या दिवाळीत मुले आडवी-तिडवी पडून अंक वाचत असतील आणि भुताची गोष्ट निघाली, तर ती वाचू द्या. मोठ्याने वाचू द्या. चकव्याचा तोडगा तोंडपाठ करून घ्या. गावी जाताना उपयोगी पडेल. मुलीने विचारले की हडळ खरी असते का, तर म्हणावे, नाही. पण ती मुलगी खरी होती. ती कशी मेली, तेही सांगावे. आणि वाड्यावस्तीवर कोणी घाडी कोणाला वाकवून ‘खंयचो तू’ विचारत असल्याचे कानावर आले, तर कायद्याप्रमाणे त्या भागात दक्षता अधिकारी नेमलेला असतो, पोलीस निरीक्षकाच्या दर्जाचा. ठाण्याचा क्रमांक अंकाच्या मलपृष्ठावर पेन्सिलीने लिहून ठेवावा.