विश्लेषण : फोटोशॉप अडखळतंय म्हणून लगेच नवा कॉम्प्युटर घ्यायचा का?

माझ्या मामेभावाचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो, सगळं तो एकटाच बघतो. लग्नसराईच्या तोंडावर त्याचा फोन आला. "अगं, तू इंजिनिअर ना? घरचा कॉम्प्युटर फोटोशॉप उघडलं की गोठतोय. दुकानदार म्हणतो भंगार झालाय, नवा घ्या, हप्ते बांधून देतो." कोटेशन ऐंशी हजारांच्या घरात होतं. त्यात ग्राफिक्स कार्ड होतं, रंगीत दिवे लागणारं कॅबिनेट होतं. "दादा, मी येईपर्यंत सही करू नकोस," एवढंच सांगितलं.

मशीन २०१४ मध्ये जोडून घेतलेलं. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. हे भंगार नाही. अशी मशीन्स राज्यभरातल्या स्टुडिओंत आणि घरांत आजही चालू आहेत. त्यांच्या मालकांना पहिला सल्ला 'नवा घ्या' असाच मिळतो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

अडतं कुठे?

हे अंदाजाने सांगायची गरज नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा. आता नेहमीचं काम करा आणि कॉम्प्युटर अडकला की आकडे बघा. दादाच्या मशीनवर प्रोसेसर ३० टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होता. रॅम मात्र काठोकाठ भरलेली आणि डिस्क १०० टक्क्यांवर. म्हणजे प्रोसेसर बिचारा वाट बघत बसला होता.

असं का होतं? २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० गुणिले ४०००, अर्थात २ कोटी ४० लाख पिक्सेल. रॉ फाइल १६ बिटमध्ये उघडली की प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा मिळून ६ बाइट लागतात. एकच लेयर सुमारे १४४ एमबी! नवरीच्या चेहऱ्याचं रिटचिंग करताना मूळ लेयरच्या चार-पाच प्रती सहज होतात. वर 'अंडू' करता यावं म्हणून फोटोशॉप आधीच्या अवस्थाही धरून ठेवतं. ४ जीबीमधली मोठी जागा विंडोज आणि ब्राउझर आधीच खातात. रॅम संपली की फोटोशॉप उरलेला माल डिस्कवर टाकतं. याला स्क्रॅच डिस्क म्हणतात. जुन्या हार्डडिस्कमध्ये फिरती तबकडी आणि तिच्यावर सरकणारा काटा असतो. तो सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देतो, तेही सगळं सलग असेल तर. इकडून थोडं, तिकडून थोडं उचलायचं झालं की वेग कोसळतो. तेच ते 'गोठणं'.

त्यामुळे क्रम असा ठेवा : आधी एसएसडी, मग रॅम, आणि त्यानंतर गरज उरलीच तर बाकीचं. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या वर जाते. तिच्यात फिरणारं काही नसल्याने विखुरलेला डेटा उचलतानाचा फरक त्याहून कितीतरी मोठा असतो. रॅमबाबत अॅडोबी फोटोशॉपसाठी किमान ८ आणि शिफारस म्हणून १६ जीबी सांगते. किमान म्हणजे सॉफ्टवेअर उघडेल, काम होईलच असं नाही. थेट १६ करा.

खरेदीत गल्लत कशी होते?

रॅम घेताना मदरबोर्डचं मॉडेल लिहून न्या. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ यांच्या खाचा वेगळ्या असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. दादाच्या एच८१ बोर्डवर डीडीआर३चे दोनच स्लॉट, म्हणजे ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला अशी जुनी रॅम मिळते. तपासून देणाऱ्याकडूनच घ्या, बिलावर बदलून देण्याची मुदत लिहून घ्या.

आता माझी स्वतःची फजिती. एसएसडी बसवली, वेग मोजला तर अपेक्षेच्या निम्मा. अर्धा तास सेटिंग्ज धुंडाळल्यावर कळलं की एच८१ बोर्डवरच्या चार साटा पोर्टपैकी दोनच वेगवान असतात आणि वायर मी दुसऱ्याच पोर्टात खोचली होती. इंजिनिअरिंगची चार वर्षं!

दोन्ही वस्तू आणि एक बाहेरची हार्डडिस्क मिळून खर्च त्या कोटेशनच्या पाव भागापर्यंतही गेला नाही. मात्र २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत. मेमरी चिप बनवणाऱ्या कंपन्या आपलं उत्पादन एआयच्या डेटा सेंटरकडे वळवत आहेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रूशियल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून आजचा दर विचारूनच हिशेब मांडा.

ग्राफिक्स कार्ड लागतंच का?

लेयर, रंग, क्रॉप, अल्बमची पानं, एवढंच काम असेल तर नाही. लाइटरूममधलं एआय डिनॉइज मात्र खरंच कार्डावर चालतं. ते नसेल तर एकेका फोटोला कित्येक मिनिटं जातात. रोज शेकडो फोटोंना ते लावणाऱ्याने कार्ड जरूर घ्यावं, पण आधी एसएमपीएस बघावा. स्वस्त कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसवर छापलेल्या वॅटवर माझा विश्वास नाही.

त्यापेक्षा मॉनिटरकडे बघा. दादाचा टीएन पॅनेलचा होता. मान जरा खाली केली की नवरीचा शालू वेगळाच लाल दिसायचा. लॅबमधून अल्बम आल्यावर गिऱ्हाइकाशी होणारे अर्धे वाद तिथूनच सुरू व्हायचे. आयपीएस पॅनेलचा मॉनिटर पुढे नवा कॉम्प्युटर घेतला तरी वापरता येतो.

एक गोष्ट या सगळ्याच्या आधी करायला हवी, ती म्हणजे बॅकअप. दादाच्या हार्डडिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरने तपासली तर पिवळी खूण आली, 'कॉशन'. त्या एकाच डिस्कवर अकरा वर्षांची लग्नं होती. काही जोडप्यांनी अल्बम नेलाच नव्हता, त्यांचे फोटो फक्त तिथे. आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं, मगच कॅबिनेटचा स्क्रू काढला. कॉपी पूर्ण व्हायला रात्र गेली. दादा खुर्चीतच झोपला.

आणि विंडोजचं काय?

इथे दुकानदाराचं म्हणणं थोडं खरं आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. चौथ्या पिढीच्या मशीनवर ते अधिकृतपणे चालत नाही. घरगुती वापरकर्त्यांना मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेता येतात. सेटिंग्ज खात्याशी सिंक केल्या तर त्याचे पैसे पडत नाहीत. दादाची नोंदणी करून दिली आहे. त्यानंतर दोन वाटा उरतात. एक, लिनक्स टाकून गिंप आणि डार्कटेबल ही मोफत सॉफ्टवेअर शिकणं. मार्च २०२५ मध्ये आलेलं गिंप ३.० आधीपेक्षा बरंच सुधारलं आहे, पण फोटोशॉपचा हात बसलेल्याला महिनाभर चिडचिड होणारच. दुसरी वाट म्हणजे नवं मशीन.

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त पुन्हा सुरू होतील, त्याआधी दादाला ठरवावं लागेल. तोवर हप्ता नाही, आणि मागच्या महिन्यातले तीन अल्बम वेळेत गेले.