काजूची नोंद कोणी करायची?

आपल्या इब्रामपूरची काजूबी कारखान्यात वाफवून फोडतात. अन्नसुरक्षा कायदा 2006 चा. परवान्यासाठी फॉस्कॉस ही संगणकीय व्यवस्था 2020 पासून आहे. रोजच्या नोंदींसाठीही आता संगणकप्रणाली मिळते. कारखानदारांनी ती जरूर घ्यावी. गरात बुरशी आढळली, तर त्या घाण्याचा माल कोठे गेला ते लगेच सापडते; सगळाच परत मागवावा लागत नाही.

पण वाफेची वेळ संध्याकाळी आठवून भरली, तर यंत्र तीही निमूट साठवते! नोंद काम करणाऱ्यानेच, तिथल्या तिथे, मराठीत किंवा कोंकणीत करावी. किलोवर मजुरी घेणाऱ्या बाईचा लिहिण्यात गेलेला वेळ मालकाने भरून द्यावा. आपणही पोत्यावर बागेचे नाव नि वाळवल्याची तारीख घालूया.