कागद आमचे, कुलूप त्यांचे!

अ‍ॅडव्हान्स भरल्याशिवाय दवाखान्यात खाट मिळत नाही. बिल चुकते केल्याशिवाय पेशंट घरी येत नाही. ऑपरेशनच्या आधी रात्री दोन वाजतासुद्धा नातेवाइकाला उठवून पाच ठिकाणी सह्या घेतल्या जातात. मात्र त्याच पेशंटने घरी आल्यावर ‘माझ्या केस पेपरच्या झेरॉक्स द्या’ एवढे म्हटले, की साऱ्या यंत्रणेला गाढ झोप लागते. रेकॉर्ड खोलीचा माणूस रजेवर असतो. डॉक्टरसाहेब परगावी असतात. ‘सोमवारी या’, ‘पुढच्या आठवड्यात बघू’ असे करत महिना जातो. शेवटी कुणीतरी काउंटरवरून आवाज खाली आणून विचारतो, ‘कशाला पाहिजे? कोर्टात जाणार काय?’

आम्ही विचारतो, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार यांना दिला कोणी?

इंडी पंपापासून हेग्गेरीपर्यंत कुठल्याही गल्लीत विचारा, अशा खेपा घातलेले एक तरी घर सापडेलच. ही माणसे भांडखोर नाहीत. कुणाला मेडिक्लेमसाठी कागद हवे असतात, कुणाला नोकरीतल्या रजेसाठी. बहुतेकांना ते दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचे असतात. आपल्या माणसांचा मिरजेशी असलेला संबंध काही आजचा नाही. १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी तिथे रुग्णालय काढले, तेव्हापासून या भागातले पेशंट रेल्वेत बसून मिरज गाठत आले आहेत. आता बेळगाव आहे, मणिपाल आहे. पण तिथला डॉक्टर पहिला प्रश्न काय विचारतो? ‘आधी काय केले होते? कागद दाखवा.’ कागद नसले की रक्त पुन्हा, स्कॅन पुन्हा, खर्च पुन्हा. कोणते औषध दिले आणि कशाची रिअ‍ॅक्शन आली, हे पेशंटला सांगता येत नाही आणि नव्या डॉक्टरला कळत नाही. हा प्रश्न निव्वळ पैशांचा नाही, जिवाचा आहे.

यावर काही जण म्हणतील, डिस्चार्ज कार्ड तर देतात! बांधवांनो, डिस्चार्ज कार्ड म्हणजे चार ओळींचा सारांश. खरा इतिहास आतल्या फाईलमध्ये असतो. रोजच्या तपासणीच्या नोंदी, नर्सने लिहिलेला तक्ता, औषधे आणि त्यांच्या वेळा, ऑपरेशनचे टिपण, भूल दिल्याची नोंद, लॅबचे रिपोर्ट आणि आपण सही केलेले संमतिपत्र, हे सगळे त्या फाईलमध्ये. हातात कार्ड टेकवायचे आणि फाईल कपाटात ठेवायची, ही देवघेव आम्हाला मान्य नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. भारतीय वैद्यक परिषदेने २००२ मध्ये डॉक्टरांच्या आचरणाचे नियम केले. त्यात साफ लिहिले आहे, की दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवावीत. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागणी केली, की तिची पोहोच द्यावी आणि ७२ तासांच्या आत कागद द्यावेत. न दिल्यास ते डॉक्टरचे गैरवर्तन ठरते. पुढे २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम काढले, पण त्याच महिन्यात ते स्थगित केले. त्यामुळे २००२ चेच नियम लागू राहिले. ‘आता नियम बदलले’ असे कुणी सांगितले तर ऐकून घेऊ नका.

त्याच्याही आधी, १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या खटल्यात हा प्रश्न निकालात काढला होता. रुग्णाने किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाने केस पेपरच्या प्रती मागितल्या, तर त्या द्यायलाच हव्यात. झेरॉक्सचा खर्च हवा तर घ्यावा, पण गुप्ततेचे कारण सांगून खुद्द रुग्णालाच नकार देता येणार नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची जी सनद तयार केली, तिच्यातही दाखल असताना शक्यतो २४ तासांत आणि घरी गेल्यावर ७२ तासांत कागद मिळण्याचा हक्क नोंदवलेला आहे.

म्हणजे नियम आहे, निकाल आहे, सनद आहे. नाही ती फक्त अंमलबजावणी.

आता दवाखान्यांची ठरलेली उत्तरे घेऊ.

‘फाईल दवाखान्याची मालमत्ता आहे.’ असेल. मूळ फाईल मागतो कोण? आम्ही प्रत मागतो. कागद तुमचा असेल, पण त्यावर लिहिलेले शरीर आमचे आहे.

‘माहिती गोपनीय असते.’ अगदी बरोबर, पण कोणापासून? शेजाऱ्यापासून, मालकापासून, परक्या माणसापासून. पेशंटचे गुपित पेशंटपासूनच लपवणे हा कुठला न्याय?

‘आधी राहिलेले बिल भरा.’ बिल थकले असेल तर वसुलीचा रस्ता वेगळा आहे. ७२ तासांच्या नियमात बिलाची अट कुठेही घातलेली नाही.

‘कागद दिले की लोक केस करतात, डॉक्टरांवर हात टाकतात.’ डॉक्टरवर हात टाकणाऱ्याचा आम्ही निषेधच करतो. त्यासाठी कर्नाटकात २००९ चा कायदा आहे, तो असायलाच हवा. पण डोके कधी भडकते? काहीतरी लपवले जाते आहे असा संशय आला की. आपल्या माणसाला शेवटच्या रात्री कोणते इंजेक्शन दिले, डॉक्टर किती वाजता आले, हे लिहिलेले समोर ठेवले तर निम्मा राग तिथेच शांत होतो. शिवाय चांगल्या डॉक्टरचा पहिला साक्षीदार त्याची नीट लिहिलेली फाईलच असते. असे डॉक्टर या शहरात आहेत, मागितल्याबरोबर झेरॉक्स हातात देणारे आहेत. त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. कर नाही त्याला डर कशाला?

दिरंगाईचा फायदा कोणाला होतो, हेही समजून घ्या. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. आज २०१९ चा ग्राहक कायदा आहे. त्याखाली दाद मागायची मुदत दोन वर्षे, आणि फाईल जपायचे बंधन तीन वर्षे. ‘सोमवारी या’ म्हणत ही वर्षे निघून गेली, की दादही गेली आणि फाईलही रद्दीत गेली. कागदाची किंमत कोविडने पुन्हा दाखवून दिली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दट्ट्यामुळे मृतांच्या वारसांना ५०,००० रुपये द्यायचे ठरले. पण मृत्यू कोविडनेच झाला हे दाखवायला रिपोर्ट हवा, दवाखान्याचा दाखला हवा. ज्यांच्या हाती कागद होते त्यांचे काम झाले. नव्हते त्यांना दुःखात असताना दारोदार फिरावे लागले.

आता राजकारणाकडे वळू. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये कर्नाटक सरकारने खाजगी दवाखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती आणली, तेव्हा राज्यभर दवाखाने बंद पडले आणि बेळगावच्या अधिवेशनावर डॉक्टरांचे आंदोलन झाले. सरकार नरमले, कलमे सौम्य झाली. डॉक्टरांची संघटना होती म्हणून त्यांचे ऐकले गेले. पेशंटची संघटना कुठे होती? २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू करायचे ठरवले, कर्नाटकाने हरकत घेतली आणि दोन्हीकडे भाषणांचा पाऊस पडला. त्या ८६५ मध्ये जुनी हुबळी नाही. आमची गत म्हणजे आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना! इलाजाचे पैसे कोणी द्यायचे यावर दोन राज्ये भांडली. इलाजाचा कागद पेशंटला मिळतो का, हे मात्र एकाही पुढाऱ्याने विचारले नाही. निवडणूक आली की आरोग्य शिबिराचे बॅनर लागतात, नाडी बघतानाचे फोटो निघतात. आम्हाला फोटो नकोत, फाईलची प्रत हवी.

हा कानडी-मराठी वाद नाही, हेही स्पष्ट करतो. ज्या काउंटरवर मराठी माणूस ताटकळतो, तिथेच त्याचा लिंगायत शेजारी आणि मुसलमान शेजारीही ताटकळतो. एवढे मात्र खरे, की आमच्या वडीलधाऱ्या बायामाणसांकडून न समजणाऱ्या भाषेतल्या संमतिपत्रावर सह्या घेतल्या जातात. रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगावे, असे मानवी हक्क आयोगाची सनदच म्हणते.

दोष फक्त दवाखान्यांचा नाही. ‘डॉक्टर म्हणजे देव, त्यांच्याशी वाकडे कशाला’ असे म्हणत आपणच हात जोडून उभे राहतो. देवाला नमस्कार करा, पण देवळाच्या पावतीची मागणी करायला लाजू नका.

काय करायचे, ते लिहून ठेवा. तोंडी मागू नका, लेखी अर्ज द्या. कन्नड किंवा इंग्रजीत चार ओळी पुरतात: पेशंटचे नाव, दाखल झाल्याची व सोडल्याची तारीख, आयपी नंबर आणि ‘संपूर्ण केस पेपरच्या प्रती ७२ तासांत द्याव्यात, खर्च देण्यास तयार आहे’. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोहोच घ्या. पोहोच नाकारली तर स्पीड पोस्टाने पाठवा. पेशंट स्वतः जाऊ शकत नसेल तर त्याचे अधिकारपत्र जोडा. किम्स, महापालिकेचे चिटगुप्पी हॉस्पिटल अशा सरकारी ठिकाणी माहिती अधिकाराचाही रस्ता आहे. फी दहा रुपये, अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा. एरवी तीस दिवसांची मुदत असते, पण जिवाचा प्रश्न असेल तर ४८ तासांत उत्तर द्यावे लागते. खाजगी दवाखान्याने दाद दिली नाही तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा तक्रार निवारण प्राधिकरणाकडे जा. डॉक्टरविरुद्ध बेंगळुरूच्या कर्नाटक मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करा, आणि नुकसान झाले असेल तर धारवाडच्या ग्राहक आयोगाकडे.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत:

१. प्रत्येक दवाखान्याने ‘केस पेपरच्या प्रती ७२ तासांत मिळतील’ असा फलक कन्नड, मराठी, उर्दू आणि इंग्रजीत दर्शनी भागात लावावा.

२. अर्ज घेणाऱ्या माणसाचे नाव आणि झेरॉक्सचा दर त्याच फलकावर असावा.

३. जिल्हा प्राधिकरणाने आलेल्या तक्रारी आणि त्यांचा निकाल दर तीन महिन्यांनी जाहीर करावा.

४. आमदार आणि नगरसेवकांनी पुढच्या शिबिराच्या आधी या तीन मागण्यांवर आपली भूमिका लेखी द्यावी.

मत मागायला ते घरी येतील तेव्हा त्यांना चहा जरूर द्या. पण चहाच्या आधी या चार मागण्यांचा कागद त्यांच्या हातात द्या आणि त्याची पोहोच घ्या.