मामाकुळ छापा, तिजोरी उघडा!

मंडळी, चार-पाच पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहून आपण याद्या मात्र नेटाने सांभाळल्या. सभासद सूची, वधू-वर सूची, कुलवृत्तान्त! एकमेकांना शोधायला त्या हव्याच होत्या, आणि कागदी पुस्तिका फार तर शेजारच्या कपाटापर्यंत जाई. आता तीच सूची पीडीएफ होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर इंदूरहून बडोद्याला जाते. तिथून पुढे कुठे, ते कार्यकारिणीलाही सांगता येणार नाही. आमचा याला स्पष्ट विरोध आहे.

आम्ही बँकेच्या खिडकीवर बसणारी माणसे. आमच्या नजरेने जरा त्या सूचीचे रकाने पाहा. पूर्ण नाव, म्हणजे वडिलांचे नाव आलेच. मग जन्मतारीख, जन्मस्थळ, मोबाइल, पत्ता, पगार आणि मामाकुळ. मामाकुळ म्हणजे आईचे माहेरचे आडनाव! ओळख पटवण्यासाठी वर्षानुवर्षे विचारला जाणारा ‘गुप्त प्रश्न’ तो हाच. आपण तो उत्तरासकट छापतो, वर नोंदणी शुल्कही भरतो. ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड तर नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल एवढाच असतो. पत्रिका जुळवायला दिलेला मजकूर कुलपालाही नेमका जुळतो.

“आमच्याकडे लपवण्यासारखे आहे काय?” असे ज्येष्ठ मंडळी विचारतात. काका, पेन्शन आहे, मुदत ठेवी आहेत, नातीचा फोटो आहे. आणि खासगीपणाचा आग्रह हे तरुणांचे खूळ नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने तो मूलभूत हक्क ठरवला. त्यासाठी २०१२ साली अर्ज करणारे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी तेव्हा ऐंशी ओलांडलेले होते.

नाव झाकणे ही लबाडी, असेही ऐकू येते. मग शिरवाडकरांचे ‘कुसुमाग्रज’ आणि गडकऱ्यांचे ‘गोविंदाग्रज’ काय लबाड होते? वधू-वर सूचीत नावाऐवजी नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि गाव छापा. पसंती कळवणाऱ्याला बाकीचे कार्यालयातून, तेही समोरच्या घराला विचारून द्या. स्थळे अडणार नाहीत. अडला तर फुकटचा फोन करणारा अडेल.

घरातही आजच सुरुवात करता येईल. गुप्त प्रश्नाला खरे उत्तर देऊच नका. आईचे माहेर ‘पुरणपोळी’ लिहिले तरी संगणकाला चालते, फक्त आपण लक्षात ठेवायचे. हॉटेलात वा सहलीच्या नोंदणीला आधार मागितले, तर शेवटचे चारच आकडे दाखवणारी प्रत द्या आणि बोटांचे ठसे आधारच्या संकेतस्थळावरून लॉक करून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी पिन लावा. स्थळांसाठी आणि खरेदीसाठी वेगळा ई-मेल काढा. बँकेचा ई-मेल कोणालाही देऊ नका. ब्राउझरची ‘खासगी खिडकी’ फक्त आपल्याच संगणकावरचा माग पुसते, इंटरनेट पुरवणाऱ्याला आपण कोणत्या संकेतस्थळांवर गेलो ते दिसू शकतेच. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता लगेच १९३० फिरवा.

पण घराला कुलूप लावून उपयोग काय, जर किल्ल्यांचा जुडगा मंडळच वाटत असेल? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये नियमही आले. सरकारी नोटीस येईपर्यंत थांबायचे काय? येत्या वार्षिक सभेत आम्ही कार्यकारिणीला लेखी विचारणार आहोत: सूचीची फाइल कोणाकोणाकडे आहे, आणि नाव काढून घ्यायचे असेल तर अर्ज कोणाकडे द्यायचा?