पाणी फुटांत कळते, धूर टनांत कळू द्या

मागणीपत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका
प्रत माहितीसाठी : केंद्रीय पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : कोल्हापूर जिल्ह्यातील हरितगृह वायूंचा वार्षिक ताळेबंद तयार करून तो लोकांपुढे मांडण्याबाबत

महोदय,

पावसाळ्यात कोल्हापूरकराचा दिवस एका आकड्याने सुरू होतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? ३९ फूट झाले की इशारा, ४३ झाले की धोका. या आकड्यावर आंबेवाडी-चिखलीतली जनावरे हलतात, नदीकाठच्या मोटारी वर काढल्या जातात, शिरोळकडच्या लेकी माहेरी फोन लावतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आमच्यातल्या कित्येकांच्या घरात पाणी शिरले. तेव्हा आमची भांडणे धरणातले पाणी कधी सोडले, किती सोडले यावरून झाली. बंधाऱ्यावरच्या पट्टीशी कोणी भांडले नाही. ती पट्टी उघड्यावर आहे, जाऊन बघता येते.

चिमणीतून, फडातून, गोठ्यातून आणि कचऱ्याच्या ढिगातून जे हवेत जाते, त्याचा असा आकडा मात्र आमच्यापैकी कोणालाही सांगता येत नाही. तो मोजावा आणि पट्टीसारखा उघड्यावर मांडावा, एवढ्यासाठी हे मागणीपत्र आहे.

आमची संघटना पंचगंगा खोऱ्यातील ऊस आणि दूध उत्पादकांची. आंतरराष्ट्रीय करारांचे आम्ही जाणकार नाही. पण मापात माणूस कुठे मारला जातो, हे आम्हाला पुरते ठाऊक आहे. उसाचा काटा, साखरेचा उतारा आणि डेअरीतली फॅट, या तीन मापांवरून भांडण्यात आमच्या दोन पिढ्या गेल्या. उताऱ्यात एका दशांशाचा फरक पडला की टनाचा दर हलतो. मोजणारा दुसरा असेल आणि आकडा त्याच्याच वहीत राहत असेल तर काय होते, याचा धडा आम्हाला कोणत्या परिषदेत जाऊन घ्यावा लागलेला नाही.

आता थोडे बाहेरचे. १९९२ मध्ये रिओला सह्यांसाठी खुला झालेला संयुक्त राष्ट्रांचा हवामान बदल करार २१ मार्च १९९४ पासून अमलात आला. आपल्या देशातून किती वायू बाहेर पडतात, किती शोषले जातात आणि त्याबद्दल आपण काय करतो आहोत, हे प्रत्येक देशाने इतरांना कळवायचे, ही त्यातली एक मूळ अट. श्रीमंत देशांनी दरवर्षी, बाकीच्यांनी ऐपतीप्रमाणे आणि त्यासाठी मिळणाऱ्या पैशांप्रमाणे. भारताने पहिला राष्ट्रीय अहवाल २००४ मध्ये दिला, त्यातला हिशेब १९९४ चा होता. दुसरा २०१२ मध्ये, तिसरा २०२३ मध्ये गेला. शिवाय २०१६, २०१८, २०२१ आणि २०२४ अशी दर काही वर्षांनी अद्ययावत विवरणे गेली. त्यातले शेवटचे विवरण ३० डिसेंबर २०२४ चे, हिशेब २०२० चा. दहा वर्षांचा उशीर चार वर्षांवर आला, ही प्रगती आम्ही मान्य करतो.

त्या विवरणाप्रमाणे २०२० मध्ये देशाचे उत्सर्जन सुमारे २९५.९ कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतके होते; जंगलांनी आणि जमिनीने शोषलेले वजा केल्यावर २४३.७ कोटी टन. (ते टाळेबंदीचे वर्ष, २०१९ पेक्षा आकडा सुमारे ८ टक्क्यांनी खाली आहे, म्हणून त्याच्यावर फुशारकी मारू नये.) एकूण उत्सर्जनात ऊर्जेचा वाटा सुमारे ७६ टक्के आणि शेतीचा सुमारे १४ टक्के. या १४ टक्क्यांत आमची म्हैस आहे, आमचा युरिया आहे, आमचे जळलेले पाचट आहे. म्हणजे जगापुढे ठेवलेल्या वहीत आमचे नाव चढलेच आहे, आम्हाला न विचारता.

आकडा कसा निघतो हेही सांगतो, कारण तो ऐकून आमच्या सभेत लोक हसले होते : एवढेच? हिशेब गुणाकाराचा आहे. एखादी गोष्ट किती झाली, आणि तिच्या प्रत्येक एककामागे किती वायू सुटतो. एका हेक्टरातले १० टन सुके पाचट पेटवले, त्यातले आठ टन जळाले असे धरा. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतला दर टनाला २.७ किलो मिथेन आणि ०.०७ किलो नायट्रस ऑक्साइड. मिथेनची २८ पट, नायट्रस ऑक्साइडची २६५ पट तीव्रता धरली तर हेक्टरी सुमारे ७५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार होतो. पाचटातला स्वतःचा कार्बन यात धरत नाहीत, कारण पुढचे पीक तो पुन्हा ओढून घेते. कारखान्याच्या बगॅसचेही तेच : त्याचा कार्बन डायऑक्साइड वेगळा नोंदतात, बेरजेत घेत नाहीत. हे बारकावे माहीत नसले की कोणीही येऊन साखर कारखान्याला काळा किंवा पांढरा ठरवतो.

खरी मेख एककामागच्या त्या दरात आहे. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज होता की भारताच्या भातशेतीतून वर्षाला ३.७८ कोटी टन मिथेन निघतो. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे ए. पी. मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये देशभरच्या भातखाचरांत वायू पकडणाऱ्या पेट्या लावून प्रत्यक्ष मोजणी केली. उत्तर आले सुमारे ४० लाख टन, म्हणजे अंदाजाच्या जवळजवळ नववा हिस्सा. त्याच वर्षी पर्यावरणाचे अभ्यासक अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी, गरिबाच्या पोटासाठी सुटणारा वायू आणि श्रीमंताच्या चैनीसाठी सुटणारा वायू एकाच मापाने कसा मोजता, असा सवाल केला होता. सवाल रास्तच होता. पण वाटाघाटीच्या मेजावर आधी त्या खाचरातल्या पेट्या उपयोगी पडल्या.

जनावरांचेही तसेच. भारतीय उपखंडासाठी २००६ च्या जागतिक तक्त्यात दुभत्या गायीमागे वर्षाला ५८ किलो मिथेन धरला आहे. भारताने स्वतःच्या अभ्यासावरून दुभत्या गावठी गायीसाठी २८, संकरित गायीसाठी ४३ आणि दुभत्या म्हशीसाठी ५० किलो असे दर वापरले. एका दावणीला बांधलेल्या दोन जनावरांचे आकडे एवढे निराळे असतील, तर देशभराची सरासरी कोल्हापूरच्या गोठ्याला लावणे म्हणजे दुसऱ्याच्या दुधाची फॅट आमच्या नावावर टाकण्यासारखे आहे. आमची म्हैस वाढे खाते, ओली वैरण खाते, संघाचे पशुखाद्य खाते. तिचा आकडा ५० पेक्षा कमी येईल की जास्त, याचा अंदाज आम्ही बांधत नाही. मोजावा.

पॅरिस कराराच्या १३ व्या कलमाने आणि २०१८ च्या काटोवित्से नियमांनी आता करारातल्या सर्व देशांना एकसारख्या तक्त्यांत दर दोन वर्षांनी पारदर्शकता अहवाल देण्याचे बंधन आले आहे. दुबळ्या देशांना काही सवलती आहेत. ही पद्धत दंड करणारी नसेल आणि देशाच्या सार्वभौमत्वाचा मान राखील, असे करारातच लिहिले आहे. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांना माहिती दिली नाही तर काय होते, हे कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या निमित्ताने आम्ही पावसाळ्यात अनुभवतो. धरणात पाणी किती आणि विसर्ग किती हे वेळेवर कळले की निम्मा संशय मावळतो. जगातल्या दोनशेच्या आसपास देशांचे दुखणे यापेक्षा फार निराळे नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा.

पहिली. जिल्ह्याचा ताळेबंद दरवर्षी करावा. ऊर्जा, उद्योग, शेती-पशुधन, जमीन-जंगल आणि कचरा-सांडपाणी या पाच खात्यांत, देशाच्या अहवालात वापरतात त्याच पद्धतीने. नवी पद्धत शोधू नये, नाहीतर तुलना होणार नाही. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ च्या कृती आराखड्यात २०१९ सालचे २.३४ कोटी टन हे शहराचे उत्सर्जन छापले. महाराष्ट्रात हे होऊ शकते याचा हा दाखला. पण नुसती बेरीज छापून भागणार नाही. कोणता दर कुठून घेतला, कोणती माहिती अंदाजाची आहे, हे सगळे तक्ते माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे न मागता प्रसिद्ध व्हावेत. ज्या खात्याची माहिती नाही तिथे "माहिती नाही" असे लिहावे. शून्य लिहू नये.

दुसरी, पाचटाची. यासाठी एक रुपयाचे नवे यंत्र लागत नाही. कोणत्या गटातला ऊस, लागण की खोडवा, किती क्षेत्र, तोड कधी झाली, हे कारखान्याच्या शेती विभागाकडे असतेच. तोडीची नोंद घेणारा चिटबॉय फडावर येतोच. त्याच नोंदीत एक रकाना वाढवावा : पाचट जाळले, कुजवले, की बाहेर नेले. साखर आयुक्तालयाने हा रकाना सर्व कारखान्यांना सारखा ठरवून द्यावा. त्यात आमचे सभासदही उघडे पडतील. पडू देत. खोडव्याला पाणी देण्याची घाई असते, मजूर मिळत नाही, आणि काडी ओढली की तासाभरात रान मोकळे होते, हे आम्ही लपवत नाही. पण जो कुजवतो त्याचे नाव कुठेच लागत नाही, हेही तितकेच खरे. आणि जळीत उसाच्या दरातल्या कपातीशी या रकान्याचा संबंध जोडू नये, नाहीतर पहिल्याच हंगामात सगळे पाचट कागदावर कुजलेले निघेल.

तिसरी. गोकुळ आणि वारणा या दूध संघांच्या आणि कृषी-पशुवैद्यकीय संस्थांच्या मदतीने या जिल्ह्यातील म्हैस, संकरित गाय आणि गावठी गाय यांचे मिथेनचे दर आपल्या वैरणीवर मोजून ठरवावेत, आणि ते राष्ट्रीय अहवाल तयार करणाऱ्या संस्थांकडे पाठवावेत. गोबर गॅस असलेला गोठा आणि उकिरडा असलेला गोठा वेगळे मोजावेत.

चौथी, महापालिकेसाठी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या ६७-अ कलमाप्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. त्यात हरितगृह वायूंचे एक प्रकरण घालावे. लाईन बाजारच्या झूम कचरा प्रकल्पावर साठलेला कचरा आणि सांडपाणी यांपासून सुरुवात करावी.

पाचवी मागणी आमची नाही, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या लहान फौंड्रीवाल्यांची आहे. त्यांच्याकडे काम करणारी आमचीच पोरे आहेत म्हणून इथे घेतली. युरोपीय संघाने लोखंड-पोलादासह काही मालावर सीमेवरच्या कार्बन शुल्काची व्यवस्था आणली : १ ऑक्टोबर २०२३ पासून माहिती देणे, १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष अंमल. शेअर बाजारातल्या मोठ्या हजार कंपन्यांनाही सेबीच्या नियमाने असा हिशेब द्यावा लागतो, आणि तो त्या पुरवठादाराकडे मागतात. ज्याच्याकडे स्वतःचे मोजमाप नाही त्याला ठोकळ दर चिकटतो. जिल्हा उद्योग केंद्राने फौंड्रीतल्या कोकचा आणि विजेचा हिशेब मांडून देणारी स्वस्त सोय उभी करावी.

सहावी. ताळेबंदातील माहिती कोणत्याही शेतकऱ्यावर कर, दंड किंवा कपात लावण्यासाठी वापरणार नाही, असा लेखी शासन निर्णय मोजणीआधी काढावा. ही भीती हवेतली नाही. डेन्मार्कने २०३० पासून पशुधनाच्या उत्सर्जनावर कर ठरवला आहे. न्यूझीलंडने तो आणायचा घाट घातला आणि शेतकऱ्यांच्या विरोधानंतर २०२४ मध्ये मागे घेतला. त्या देशांत एकेकाच्या गोठ्यात शेकड्याने जनावरे. आमच्याकडे दोन म्हशींवर पोरीच्या कॉलेजची फी भरली जाते. वैयक्तिक नोंद गुप्त आणि गावाची बेरीज उघड, असे ठेवावे.

सातवी. देशाचे अहवाल इंग्रजीत जातात. त्यातला शेती, कचरा आणि महाराष्ट्राशी संबंधित भाग विभागाने मराठीत आणावा. सातबाऱ्याची नव्हे, बोलण्याची मराठी.

दुसरी आणि सहावी मागणी येत्या गळीत हंगामाची तोड सुरू होण्याआधी निकाली निघाली पाहिजे, कारण पहिली काडी पडली की त्या वर्षाचा हिशेब धुरात गेला. बाकीच्या मागण्यांवर ६० दिवसांत लेखी उत्तर मिळावे. चर्चेला आमचे पाच जण येतील. त्यात दोन बायका असतील, कारण धारा त्याच काढतात आणि वैरणीचे माप त्यांनाच ठाऊक आहे. सभासदांनी पाचटाची नोंद वहीत ठेवायला सुरुवात केली आहे. ती वही आम्ही सोबत आणू. आपण कोरा तक्ता आणावा.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद
पंचगंगा खोऱ्यातील ऊस व दूध उत्पादक
कोल्हापूर